एकशे चौदा चुका

आईच्या वहीत एकशे चौदा चुका होत्या. चाळणीने त्या दोनदा मोजल्या होत्या.

चाळणी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ऑफिसात तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. शाळकरी मुलांसाठी ज्ञानकोश काढणाऱ्या एका प्रकाशनात ती माहिती तपासायची. देवमाशाला कल्ले असतात असं एखाद्या लेखकाने झोपेत लिहिलं, की ते वाक्य तिच्या टेबलावर अडलंच म्हणून समजा. एकवीस वर्षं तिने हेच केलं होतं. डोळ्यांत तेल घालून वाचायचं आणि खडा दिसला की वेचून बाजूला टाकायचा. तिच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक राहिली, असं आजवर एकदाच झालं होतं, आणि ती गोष्ट अजूनही कुणी तिच्यासमोर काढत नसे.

आणि तिच्याच आईच्या वहीत हे.

वही निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. आईने उभं आयुष्य वाचनालयाच्या काउंटरवर काढलं आणि निवृत्त झाल्यावर त्याच वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी ती मुलांना गोष्टी लिहायला शिकवू लागली. या वर्षी मुलं तीनच होती. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या विषयावरची एक गोष्ट लिहायची, त्या सगळ्या एकत्र बांधून त्यांचं पुस्तक करायचं, त्याला नंबर द्यायचा आणि मोठ्यांच्या पुस्तकांच्या रांगेत कपाटात ठेवायचं, असा शिरस्ता होता. वही त्या तासाची. तिच्यात आईच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, की गोगलगाय आंघोळीला जाताना शंख काठावर काढून ठेवते. की क्रेन चालवणारा माणूस दर तासाला पाणी प्यायला खाली उतरतो. की लिफ्ट एकाच दोरावर लटकलेली असते आणि तो तुटला की कारभार आटोपला. पानामागून पान असंच. एखाद्या पोराने लिहिलं असतं तर हसू आलं असतं. पण आई म्हणजे वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेन्सिलीने नाही, पेनने सोडवणारी बाई.

आई जाऊन पाच आठवडे झाले होते. सकाळी स्वयंपाकघरात पडली, दोन दिवस हॉस्पिटलात होती, आणि गेली. मेंदूत रक्ताची गुठळी, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दाखल करून घेताना त्यांनी विचारलं होतं, "गेल्या काही महिन्यांत विसरणं, उलटसुलट बोलणं, असं काही जाणवलं का?" आणि चाळणीने फटकन सांगून टाकलं होतं, "नाही." ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, पण संध्याकाळचा फोन कधी चुकला नव्हता. रोज वीस मिनिटं. रोज बोलणाऱ्या माणसाला कळणार नाही तर कुणाला कळणार?

आता ही वही समोर होती. पहिल्या पानावरची तारीख दहा महिन्यांपूर्वीची, आणि त्याच पानावर सहा चुका. म्हणजे दहा महिने आईचं डोकं थोडं थोडं निसटत होतं आणि जगाच्या चुका काढत बसलेल्या लेकीला दिव्याखालचा अंधार दिसला नव्हता. वेळेवर दिसला असता, आईला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतं, तर? एवढा एकच प्रश्न होता. तो घेऊन ती उठायची, तो घेऊन ऑफिसला जायची आणि संध्याकाळी तोच घेऊन परत यायची.

अशात वाचनालयातून ग्रंथपालांचा फोन आला. आईच्या हाताखाली तयार झालेला सडपातळ, हळू बोलणारा माणूस.

"तीन शनिवार राहिलेत, ताई. मुलांच्या गोष्टी अर्धवट आहेत. महिनाअखेर पुस्तक बांधायला टाकायचं. तुम्ही याल का? तुम्ही तर पुस्तकांतल्याच."

"मी पुस्तकं लिहीत नाही हो. खोडते."

"तेवढंही चालेल. फक्त त्यांची वही तेवढी आणा. मुलांना लागेल."

वही आहे तशी नेणं शक्यच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आईचं जे काही झालं ते झालं, पण तीन पोरांसमोर आणि ग्रंथपालांसमोर तिचं हसं होऊ द्यायचं नाही, हे चाळणीने मनाशी पक्कं केलं. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ती लाल पेन घेऊन बसली. गोगलगायींवरची दोन जाडजूड पुस्तकं उपसली. क्रेन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीला फोन करून त्यांच्या माणसाचा अर्धा तास खाल्ला. एकशे चौदाच्या एकशे चौदा चुका दुरुस्त केल्या आणि प्रत्येक मुलासाठी स्वच्छ, टाइप केलेली पानं तयार केली. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

शनिवारी तीन वाजता ती वरच्या खोलीत गेली. ठेंगणी टेबलं, त्यांहून ठेंगण्या खुर्च्या, भिंतीला फळा, आणि एका खिडकीतून समोरच्या बांधकामावरची पिवळी क्रेन. तीन मुलं आधीच येऊन बसली होती. सगळ्यांत मोठी अकरा वर्षांची मुलगी, गोगलगायींनी झपाटलेली. आईने तिचं नाव गोगल ठेवलं होतं. दहा वर्षांचा जाडसा मुलगा म्हणजे क्रेन. आणि पुढचे दोन दात पडलेला, आठ वर्षांचा, तो लिफ्टमन. शहरातली एकही लिफ्ट त्याने सोडलेली नव्हती. मुलं एकमेकांना याच नावांनी हाका मारायची.

"तुम्हाला काय म्हणायचं?" लिफ्टमनने विचारलं.

"काहीही म्हण."

"आजींची मुलगी म्हणजे आत्या," क्रेन म्हणाला.

"आजी कुठली त्यावर आहे ते," गोगल म्हणाली. "बाबांची आई असेल तर आत्या. आईची आई असेल तर मावशी."

"माझी आत्या फार ओरडते."

"मग मावशी," लिफ्टमनने निकाल दिला, आणि चाळणीची मावशी झाली.

तिने पानं वाटली. तिघांनी ती मन लावून वाचली. वाचताना ओठ हलत होते, तेवढीच काय ती हालचाल.

"सगळं बरोबर आहे," क्रेन म्हणाला. डबा उघडावा आणि नावडती भाजी निघावी, तसा त्याचा आवाज.

"तपासलंय मी. कंपनीला फोन करून."

"हो. पण आता काय करायचं?"

"आता यावरून गोष्ट लिहायची."

"काय लिहायचं? सगळं लिहून झालंय की."

मग चाळणीने फळ्यावर लिहिलं: सुरुवात, अडचण, शेवट. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळींत समजावून दिलं. तिघांनी शाळेत उतरवून घेतात तसं ते उतरवून घेतलं, आणि पुन्हा हात बांधून बसले. तिने प्रश्न विचारले तर "हो", "नाही", "असेल" अशी उत्तरं आली. पालथ्या घड्यावर पाणी. लिफ्टमनने मागच्या पानावर लिफ्टची बटणं काढली, एक ते बावीस, आणि वर घंटेचं चित्र. गोगलने आपल्या पानाच्या आठ घड्या घातल्या. ती एकदाही वर बघत नव्हती.

खाली उतरल्यावर ग्रंथपालांनी विचारलं, "जमलं?"

"तिघांत मिळून चार ओळी. त्यातल्या तीन फळ्यावरच्या."

"तुमच्या आईंच्या तासाला वर इतका गलका असायचा, की खालचे वाचक तक्रार घेऊन यायचे."

"मग आज सुखात असतील."

"हो ना. दोघं तर झोपले."

दुसऱ्या शनिवारी चाळणीने पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि त्याच्याबरोबर निळी वही बाहेर आली. ती वही ती सगळीकडे घेऊन हिंडत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. लिफ्टमनने झडप घातली.

"आजींची वही. आहे की तुमच्याकडे."

त्याने ती उघडली. बाकीचे दोघे त्याच्या खांद्यांवरून वाकले. पान उलटलं, आणखी एक उलटलं. सगळीकडे लाल.

"हे कुणी केलं?" क्रेनने विचारलं.

"मी."

"का?"

चाळणीने सावकाश सांगितलं, "त्यात चुका होत्या, बाळा. आजी... त्यांना बरं नव्हतं. त्यांच्या लक्षात राहत नसेल."

"चुका होत्या ते माहितीये आम्हाला," क्रेन म्हणाला. तो खरोखर चिडला होता. "पण त्या आमच्या होत्या ना. आमच्यासाठी होत्या. तुम्ही सगळ्या सोडवून टाकल्या."

"म्हणजे?"

तिघं एकदम बोलू लागली आणि खोलीत पहिल्यांदा आवाज झाला. चाळणीला ते नीट कळायला थोडा वेळ लागला. आई एकेका मुलासमोर बसायची. त्याच्या आवडीच्या गोष्टीबद्दल एक वाक्य वहीत लिहायची, मोठ्याने वाचायची, आणि ते वाक्य चुकीचं असायचं. मग ती पेन खाली ठेवायची आणि मुलाकडे बघत बसायची.

"म्हणजे बघा," लिफ्टमन म्हणाला, "आजी म्हणाल्या लिफ्टला एकच दोर असतो, तुटला की धडाम. मी म्हटलं, आजी, पाच-सहा असतात, आणि सगळे तुटले तरी ब्रेक लागतो. त्या म्हणाल्या, मग लिफ्ट कुठे थांबेल? मी म्हटलं, मध्येच, दोन मजल्यांच्या मध्ये. त्या म्हणाल्या, आत कोण आहे? मी म्हटलं, एक माणूस आणि त्याच्याशी भांडण झालेला दुसरा माणूस. त्या म्हणाल्या, लिही."

"माझी पण तशीच," क्रेन म्हणाला. "दर तासाला खाली उतरतो म्हणे. अहो, चढायलाच किती वेळ लागतो. सकाळी वर गेला की संध्याकाळी खाली. डबासुद्धा वर."

"मग तुम्हाला कधी विचारावंसं नाही वाटलं, की आजींना हे एवढं पण कसं माहीत नाही?"

"विचारलं ना मी," लिफ्टमन म्हणाला. "त्या म्हणाल्या, बरोबर सांगितलं की मुलं मान हलवतात, चुकीचं सांगितलं की तोंड उघडतात. आणि कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. मी लगेच यांना सांगितलं."

"आम्हाला आधीच माहीत होतं," क्रेन म्हणाला. "त्यांच्या टेबलावर क्रेनचं पुस्तक होतं. खुणा घातलेलं."

चाळणी त्या ठेंगण्या खुर्चीवर बसली. गुडघे छातीशी आले, पण तिला त्याचं भान नव्हतं. इतके आठवडे छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं झालं. आईला सगळं ठाऊक होतं. दहा महिने ती शाबूत होती, तल्लख होती, आणि लबाडसुद्धा. आणि तिची हुशार लेक तिच्या एकशे चौदा युक्त्यांवर लाल रेघोट्या ओढून मोकळी झाली होती.

"बरं," ती म्हणाली. "मी चुकून बघू?"

तिने क्रेनसमोर बसून लिहिलं: क्रेन समुद्रावरून चालत जाते.

"हे फार खोटं आहे, मावशी," क्रेन समजुतीच्या सुरात म्हणाला. "असं चालत नाही. थोडं खरं लागतं त्यात."

एकवीस वर्षांत चूक करता येत नाही म्हणून तिला कुणी बोललं नव्हतं. तिने खिडकीतून समोरच्या क्रेनकडे पाहिलं आणि न ठरवता तिच्या तोंडून गेलं, "पण घाईची लागली तर उतरतच असेल ना तो?"

लिफ्टमन खुर्चीवरून खाली पडायचा राहिला.

"नाही उतरत," क्रेन लाल होत म्हणाला. "बाटली असते."

"आणि बायकोने खालून हाक मारली तर?"

"ऐकूच येणार नाही."

"मग तिने काय करायचं?"

क्रेन थांबला. समोरच्या बांधकामाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिने गच्चीवर कपडे वाळत घालायचे. लाल चादर म्हणजे लवकर ये. पांढरी म्हणजे काही नाही. एक दिवस वाऱ्याने लाल चादर उडून दुसऱ्याच गच्चीवर गेली." आणि कुणी सांगण्याआधी तो लिहायला लागला.

"हे मुद्दाम विचारलंत ना, मावशी?" लिफ्टमनने कानाशी येऊन विचारलं.

"नाही रे. खरंच माहीत नव्हतं."

"चालेल तेपण."

त्या दिवशी खालच्या मजल्यावरून एक तक्रार आली. गोगलने मात्र काही लिहिलं नाही. ती वही घेऊन खिडकीशी बसली होती आणि पानं मागून पुढे चाळत होती. तास संपला, मुलगे जिना दणाणत उतरून गेले. गोगलची आई कामावरून परस्पर तिला न्यायला यायची, तिला अजून दहा मिनिटं होती. चाळणी फळा पुसत होती.

"मावशी," गोगल म्हणाली. "सगळ्या मुद्दाम नव्हत्या."

चाळणीने फडकं खाली ठेवलं.

"चार नव्हत्या. दाखवू?"

तिने वही टेबलावर पसरली. शेवटची दहा-बारा पानं. तिचं बोट न चाचरता एका ओळीवर गेलं. "इथे लिफ्टमनची बिल्डिंग सात मजली लिहिलीय. ती पाच मजली आहे, त्याने हजार वेळा सांगितलं होतं. आणि इथे क्रेनची गोष्ट परत पहिल्यापासून सुरू केलीय, कधी केलीच नव्हती अशी. आणि हे वाक्य दोनदा आलंय."

"पण या कशावरून मुद्दाम नाहीत?"

"मुद्दाम चुकल्या की आजी पेन खाली ठेवायच्या. वाट बघायच्या. या वेळी ठेवलं नाही. लिहीतच राहिल्या."

तीनही ठिकाणी लाल शाई होती. एकशे चौदांतल्याच त्या. चाळणीने विचारलं, "चौथी?"

"तिच्यावर तुम्ही लाल केलंच नाहीये."

गोगलने शेवटून दुसरं पान काढलं. *बिट्टी शाळेतून आली की आधी गोगलगायींना पानं घालते, मग स्वतः खाते.* चाळणीला ते वाक्य पाठ होतं. बिट्टी हे तिचं घरातलं नाव. आईखेरीज त्या नावाने हाक मारणारं जगात कुणी नव्हतं. आईने गोष्टीतल्या मुलीला आपलं नाव दिलं, असं तिला वाटलं होतं. सगळ्या वहीत तेवढी एक ओळ तिने परत परत वाचली होती, आणि ती वाचून तिला बरं वाटलं होतं.

"आजी मला बिट्टी म्हणाल्या," गोगल सांगत होती. "त्या दिवशी सगळा तास. म्हणाल्या, बिट्टी, दप्तर आत्ताच भरून ठेव, उद्या गणिताचा पेपर आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. भरलं दप्तर."

पानावरची तारीख आई पडण्याच्या अठरा दिवस आधीची होती. चारांतल्या पहिल्या चुकीची पंचवीस.

"आणि मग? तुम्ही या दुरुस्त नाही केल्या?"

"नाही. आम्ही ठरवलं होतं. लिफ्टमन म्हणाला, आजींना वाईट वाटेल." मग ती एका दमात म्हणाली, "आम्ही घरी पण कुणाला सांगितलं नाही. मी सांगणार होते. सांगितलं असतं तर आजी वाचल्या असत्या?"

"नाही" हा शब्द चाळणीच्या जिभेवर तयार होता. फटकन, दाखल करताना डॉक्टरबाईंसमोर आला होता तस्साच. पोरीला तोच हवा होता, हेही दिसत होतं. पण समोरचे डोळे अशा माणसाचे होते, ज्याला पेन खाली ठेवलं की नाही एवढं कळतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून सांगते."

"कुणाला?"

"ज्यांना माहीत असेल त्यांना."

"पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनिवारी."

स्वतःसाठी ती कधी गेली नसती. आई गेल्यापासून हॉस्पिटलच्या रस्त्यानेही गेली नव्हती, बस सोडून चालत वळसा घ्यायची. पण शब्द दिला होता. गुरुवारी अर्धी रजा टाकून ती गेली. डॉक्टरबाईंच्या दारात एक तास बसली, आणि आत गेल्यावर तिने सगळं तारखांसकट सांगितलं. डॉक्टरबाईंनी चार ओळी वाचल्या. बिट्टीची दोनदा वाचली.

"हे कुणाच्या लक्षात आलं?"

"अकरा वर्षांच्या मुलीच्या."

"छोट्या गुठळ्या असू शकतात. कधीकधी मोठ्या झटक्याआधी असे लहान येतात. नुसता थकवाही असू शकतो, त्या वयात. तुम्ही आणलं असतं तर मी तपासण्या केल्या असत्या. काही सापडलं असतं, तर गोळ्या दिल्या असत्या. पुष्कळदा काही सापडत नाही. गोळ्या देऊनही झटका येतो. नाहीही येत."

"म्हणजे?"

"म्हणजे याच्यापुढे मी गेले, तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलेन. किंवा वाईट वाटावं म्हणून."

चाळणीने ते कागदावर लिहून घेतलं. सवय.

तिसऱ्या शनिवारी क्रेन आणि लिफ्टमनच्या गोष्टी पुऱ्या झाल्या. क्रेनवाल्याच्या बायकोची लाल चादर तीन गच्च्या फिरून आली, आणि तेवढ्यात तीन घरांतली माणसं कामं टाकून घरी धावली होती. लिफ्टमधली दोन माणसं ब्रेकच्या कृपेने चार तास अडकली आणि शेवटी भांडण कशावरून होतं तेच विसरली. लिफ्टमनने खाली स्वतःचं वय लिहिलं, आणि पुस्तक कपाटात किती वर्षं राहणार म्हणून नवव्यांदा विचारलं. दोघं गोष्टी घेऊन खाली ग्रंथपालांकडे गेले. वर गोगल, तिचा कोरा कागद आणि चाळणी.

"विचारलंत?"

"विचारलं." चाळणी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि कागद उलगडून डॉक्टरबाई म्हणाल्या तसं सगळं वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. "गुठळी" म्हणजे काय ते गोगलने विचारलं, ते सांगितलं.

"म्हणजे माहीत नाही," गोगल म्हणाली.

"नाही."

"तुम्ही सगळं तपासता, तरी नाही?"

"तपासून जेवढं मिळतं तेवढं मिळालं. याच्यापुढचं कुठल्या पुस्तकात नाही." चाळणीने कागदाची घडी घातली. "पण एक मला माहीत आहे. सांगायचं काम तुझं नव्हतं. मी मोठी आहे, तिची मुलगी आहे. रोज फोन करत होते. ओळखायचं असेल तर मी ओळखायला हवं होतं."

गोगलने यावर विचार केला. एखादी गोगलगाय पानाच्या कडेशी येऊन थांबते, तसा सावकाश.

"फोनवर पेन दिसत नाही," ती म्हणाली.

खाली लिफ्टमन कुणाला तरी ब्रेक समजावून देत होता, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. मग चाळणीने नाक पुसलं, रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "लिहायचं का आता?"

"माझी अर्धी झाली होती. पण ती नको आता. तिच्यात नुसत्या गोगलगायीच होत्या, मुलगी नव्हती." गोगलने पेन्सिल उचलली. "बिट्टीला घेऊ का?"

"घे की. पण एक सांगते, बिट्टी म्हणजे मीच, आणि मला लहानपणी गोगलगायींची शिसारी यायची. हात लावायची नाही मी."

"पानंसुद्धा नाही घातली कधी?"

"कधीच नाही."

"मग घरात कशा आल्या त्या?"

"तुला माहीत. मला काय विचारतेस?"

"दप्तरातून," गोगल म्हणाली. "गणिताच्या पेपरच्या दिवशी." तिने कागदावर एक ओळ लिहिली, वाचली, खोडली. पुन्हा लिहिली. "पण आज नाही होणार हे, मावशी."

"आज शेवटचा शनिवार आहे. महिनाअखेर पुस्तक जायचंय."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"किती दिवस सांगू?"

"गोगलगायीची गोष्ट आहे," गोगल मान वर न करता म्हणाली. "काय सांगायचं?"

चाळणी जिना उतरून काउंटरपाशी गेली. ग्रंथपाल बांधणीवाल्याला द्यायच्या पाकिटावर पत्ता घालत होते. तिने सांगितलं, की तिसरी गोष्ट नव्याने सुरू झाली आहे, ती झाल्याशिवाय पुस्तक जाणार नाही, आणि तोवर शनिवारी ती येत राहील.

"बांधणीवाला ओरडेल, ताई."

"ओरडू दे."

ग्रंथपालांनी वर जिन्याकडे पाहिलं, मग पाकिटावरची तारीख खोडली आणि ती जागा तशीच रिकामी सोडली.